मण्याचं वेज

तांडापेठेतल्या वाचनालयामागचा हॉल,
मे महिना, दुपारचे तीन.
कूलरच्या तोंडाशी कोणी बसायचं
हे भांडण मिटलं की वर्ग सुरू होतो.

नऊ मुली आणि एक लोकेश.
पहिल्या दिवशी बहिणीला सोडायला आला होता,
दारातूनच म्हणाला, "ते उलटं ओवून राहिली ती,"
आणि खरंच ती उलटं ओवत होती.
तेव्हापासून येतो.
खिडकीबाहेर मित्र दिसले की पक्कड हातात घेऊन
पंखा दुरुस्त करायला आल्यासारखा उभा राहतो.

गाठ मी नंतर शिकवली.
आधी सांगितलं, दाणे वहीवर नाही, ताटलीत ओता,
कूलर पान उडवतो.
चिमटीत धरायचा नाही मणी,
सुईनंच टिपायचा, चिमणी टिपते तसा.
दोरा थुंकीनं ओला करायचा नाही, हे सांगताना
माझाच दोरा माझ्या ओठांत होता.
त्या हसल्या ते पाचपर्यंत हसतच होत्या.

महजबीनला सगळ्यात आधी भाव कळायला हवा.
"बाई, हे बर्डीवर केवढ्याले जाईल?"
चाळीस, मी म्हणते.
"अन् मजुरी?"

माझ्या बापानं सत्तावीस वर्षं माग ओढला,
शेठला हा प्रश्न त्यानं विचारल्याचं
मला तरी आठवत नाही.
फळ्यावर मी "मजुरी" लिहिते.
पुढची जागा कोरी ठेवते.

संत्री रंग कोणालाच नको असतो.
"स्टेशनवर तोच, पोस्टरवर तोच, काहून घालाचा बाई कानात पण?"
म्हणून तो डबा भरलेला,
आणि काळ्यांचा नेहमी अर्धा.
काळ्यांचा डबा श्रीखंडाचा,
मी घरून आणलेला.
मणी नवे नाहीत, हे सांगायची वेळ आली नव्हती.

श्रावस्ती कमी बोलते.
तिनं एक मणी उचलला, खिडकीकडे धरला,
एक डोळा मिटला.
"बाई, याचं वेज मोठं झालंय.
एका बाजूनंच झिजलंय.
हे कोणीतरी घालून होतं."

वेज हा शब्द मीच दिला होता तिला, सोमवारी.

सांगता आलं असतं, इतवारीत किलोनं मिळतात असले.
कूलरमधलं पाणी संपलं होतं,
पंप कोरडाच घरघरत होता,
आणि उठून बादली आणायचं कोणाला सुचेना.
"अकरा वर्षं," मी म्हणाले. "मीच."

पक्कड थांबली.
महजबीननंच विचारलं, भाव विचारावा तसं,
"पोत तुटली का तोडली?"

"दोरा कापला," मी म्हणाले.
"कात्रीनं. खाली चादर अंथरून.
एक मणी हरवला नाही, मोजून घेतले होते."

मग तिघीचौघी एकदम बादलीकडे धावल्या.

श्रावस्ती बसून राहिली.
दोरा तिनं दुहेरी केला,
मोठ्या वेजात एकेरी दोऱ्यावर मणी डुगडुगतो,
हे मी अजून शिकवायचं होतं.
एक काळा, एक संत्री, एक काळा.
मध्येच दोन संत्री, चुकून का मुद्दाम, कळलं नाही.
"बाई, जुन्या मण्यांची मजुरी जास्त लागते का?"
लाव, मी म्हणाले. तू सांगशील ती.
तिनं फळ्याकडे पाहिलं,
आणि मांडीवरच्या वहीत काहीतरी आकडा लिहून
त्यावर हात ठेवला.

साडेपाचला झाडताना
लोकेशला कूलरखाली एक सापडला, काळा, ओला.
"बाई, हा राहिला."
माझं झाकण लावून झालं होतं.
"असू दे तुझ्याकडे."

त्यानं खिशात टाकला, परत काढला,
बाहेर कोणी आहे का पाहिलं,
आणि शर्टाचं वरून दुसरं बटण तुटलंय
त्या जागी धरून पाहिला.